रेड्याचे पंख

“आणखी किती टाके?”

पंखावरून उत्तर आलं नाही. सुई आली.

दौलत जाचक विमानाच्या पंखाखाली लाकडी खोक्यावर उभा होता. हात डोक्याच्या वर, मान मागे टाकलेली. वीतभर लांब सुई कापडातून खाली उतरली तशी त्याने ती पकडली, दोरा ओढून घेतला आणि फासळीच्या दुसऱ्या अंगाने सुई परत वर ढकलली.

“मी काहीतरी विचारलं, तांडेल.”

“दोरा सैल सोडलात, साहेब,” वरून हसन तांडेल म्हणाला. “ओढा.”

त्याने ओढला.

“आणखी.”

“तुटेल!”

“तुटत नाही. ओढा.”

सकाळचे आठ वाजले होते आणि पत्र्याची शेड आत्तापासूनच तव्यासारखी तापू लागली होती. दौलतच्या मानेला रग लागली होती. घाम कोपरापर्यंत ओघळून बाहीत शिरत होता. फ्लाइंग ऑफिसर जाचक, वय चोवीस, इंदापूरच्या बागायतदार जाचकांचा धाकटा मुलगा, वर्षभर लढाऊ विमान उडवलेला माणूस, आणि आज एका शिंप्याच्या हाताखाली सुई ढकलत उभा.

त्या वर्षी, म्हणजे चव्वेचाळीस साली, जपानी सैन्य ब्रह्मदेशातून डोंगर ओलांडून आलं होतं. आसामच्या टोकाला, डोंगरांच्या पायथ्याशी एक धावपट्टी होती. तिथे पाच विमानं होती आणि पाचही जुनी. कापडी अंगाची, बोजड, लढाऊ विमानाच्या तिप्पट हळू जाणारी. शत्रूच्या वेढ्यात सापडलेल्या टेकड्यांवर औषधं न्यायची आणि जखमी माणसं खाली आणायची, एवढंच त्यांचं काम. तळावरचे मराठी लोक त्या विमानाला ‘रेडा’ म्हणायचे.

दौलतला इथे पाठवलं होतं ते शिक्षा म्हणूनच. एका सेनापतीच्या तंबूवरून त्याने विमान इतकं खालून नेलं होतं, की तंबूसकट जेवणाचं टेबल उडालं होतं.

“मला लढायला शिकवलंय,” तो पंखाच्या कापडाकडे बघून म्हणाला. “इथे बैलगाडी हाकायला बसवलंय. रस्त्यावरची मोटार माझ्यापुढे जाते, माहीत आहे? परवा जीपमधल्या एका सार्जंटने मला हात करून टाटा केला.”

सुई खाली आली.

“ज्याने हे विमान बांधलं, त्याने विचार तरी कसला केला असेल?”

“उतरायचा,” तांडेल म्हणाला.

“लढाईत वेग लागतो. वेग म्हणजे जीव.”

“कोणाचा?”

दौलतने सुई जरा जास्तच जोराने वर ढकलली. वरून “या अल्ला” असा हळू आवाज आला. बोटात रुतली असावी. दौलतला वाईट वाटलं नाही.

हसन तांडेल साठीला टेकलेला. हर्णैच्या बंदरात बापाबरोबर गलबतांची शिडं शिवून तो मोठा झाला, मग मुंबईच्या गोदीत आला, आणि लढाई लागल्यावर विमानांचे कापडी पंख शिवायला इथवर पोचला. कापड ताणायचं, फासळ्यांना टाके घालायचे, वर लेप द्यायचा. तळावर सगळे त्याला चाचा म्हणत. तळाचे प्रमुख कार्व्हालो साहेबसुद्धा. एकटा दौलत त्याला तांडेल म्हणे.

तळावर एक नियम होता. पंख दुरुस्त होईस्तोवर वैमानिकाने चाचाच्या हाताखाली राहायचं. फासळीचा टाका दोघांनी घालायचा असतो, एकाने वरून आणि एकाने खालून, आणि शेडमध्ये दुसरा माणूस नव्हता.

“वर तीन जखमी पडलेत,” दौलत म्हणाला. “तुम्ही एकेक टाका असा घालताय जसं लग्नाचं जरतारी लुगडं शिवताय. जरा हात उचला!”

“हात उचलला तर टाका उसवतो.”

“मी काय म्हणतोय ते कळतंय का? माणसं मरतायत!”

वरचा हात थांबला.

“कळतंय, साहेब.”

आणि सुई पुन्हा खाली आली. होती त्याच चालीने.

* * *

वर म्हणजे ‘पाट’. तिथल्या मराठा पलटणीनेच ते नाव ठेवलं होतं. टेकडीच्या माथ्यावर साडेतीनशे पावलांची सपाटी, जेवायला मांडलेल्या पाटाएवढी. तिन्ही बाजूंना दरी, चौथ्या बाजूला, पूर्वेला, झाडं. त्या झाडांच्या पलीकडे जपानी.

काल दुपारी दौलत तिथे गेला होता. दुसरं कोणी जाण्याजोगं नव्हतंच. बेडेकर मलेरियाने फणफणला होता आणि बाकीच्यांची विमानं मोडून पडली होती.

तीनदा त्याने उतरायचा प्रयत्न केला.

खाली चौघे जण स्ट्रेचर घेऊन उभे होते. स्ट्रेचरवर पोटात गोळी लागलेला हवालदार सोपान खताळ. विमान खाली येताना दिसलं की ते चौघे स्ट्रेचर उचलत. विमान तसंच वरून निघून गेलं की खाली ठेवत. पुन्हा उचलत… पुन्हा ठेवत… तिसऱ्या वेळी चाकं जमिनीला लागली, पण समोरची झाडं अंगावर धावून आली. दौलतने इंजिनला पूर्ण जोर दिला, विमान कसंबसं वर उचललं, आणि बांबूच्या शेंड्यांनी डाव्या पंखाचं पोट फाडलं.

तो परत आला. खताळ हवालदार संध्याकाळी गेला. वायरलेसवर निरोप आला, तेव्हा दौलत मेसमध्ये चहा पीत होता. तो कप त्याने तसाच ठेवला.

अहवालात त्याने लिहिलं : पाट शंभर पावलं कमी पडतो.

* * *

शेडच्या दारात सावली पडली. कार्व्हालो साहेब आले होते. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. मंगळूरकडचा हा माणूस एरवी सगळ्यांशी थट्टा करायचा. दोन आठवड्यांत त्याने कोणाशी केली नव्हती.

“चाचा, किती वेळ?”

“टाके तासाभरात. मग लेप. उन्हात लवकर वाळेल. दुपारी बारा.”

“ठीक.” मग ते दौलतकडे वळले. “तुझ्या अहवालाप्रमाणे त्यांना रात्रीच कळवलं. पाट लांब करायला घेतलाय. पहाटेपासून पूर्वेकडची झाडं तोडतायत.”

“पूर्वेकडची?”

“दुसरीकडे कुठे लांब करणार? दरीत?” कार्व्हालोंनी कपाळ चोळलं. “त्या बाजूने जपान्यांना सरळ दिसतं. कुऱ्हाडीचा आवाज झाला की गोळ्या. आत्ताच निरोप आलाय, एक पोरगा पडलाय. तरी तोडतायत.”

दौलतने मान वर करून पुन्हा कापडाकडे पाहिलं.

“आणखी पन्नास पावलं झाली की कळवतील,” असं म्हणून ते गेले.

शेडमध्ये पत्रा तडतडत होता. लांबवर कुठेतरी इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

दौलत हात वर करून उभा राहिला. सुईची वाट बघत.

सुई येईना.

“तांडेल?”

…

“तांडेल, टाका!”

कापडाच्या भोकातून काहीतरी खाली आलं. सुई नव्हती, दोराही नव्हता.

तांब्याची तार होती. चार बोटं… मग वीतभर… वाकडीतिकडी, पीळ घालून उलगडलेली. ती हळूहळू खाली सरकत आली आणि दौलतच्या डोळ्यांसमोर लोंबकळत राहिली.

त्याचे वर केलेले हात तसेच राहिले.

* * *

रेड्याच्या पंखाला पुढच्या कडेवर एक लांब, अरुंद फळी असते. विमान वेगात असतं तेव्हा वारा तिला पंखावर दाबून धरतो. विमान हळू झालं, वाऱ्याचा जोर कमी पडला, की ती फळी आपोआप पुढे सरकते. तिच्यात आणि पंखात फट पडते. त्या फटीतून वारा पंखाच्या पाठीवर जाऊन चिकटतो. दुसरं विमान जिथे दगडासारखं कोसळेल, तिथे रेडा तरंगत राहतो. म्हणून तो पाटावर उतरू शकतो.

त्या फळीला वैमानिकाच्या हाताशी दांडा नाही, कळ नाही. तिची वेळ झाली की ती येते.

आणि येते ती आवाज करून. धाड्.

दौलतच्या पहिल्याच आठवड्यात डावी फळी उजवीच्या आधी आली होती. झाडांच्या शेंड्यांबरोबर विमान, कानाशी धाड्, आणि एक पंख खचला. क्षणभरच. पण त्या क्षणात त्याने झाडाची पानं एकेक मोजता येतील इतक्या जवळून पाहिली होती. त्यानंतर त्याने रेडा कधी हळू होऊच दिला नाही. तळाची धावपट्टी लांबलचक. जोरात आला काय, हळू आला काय, कोणाच्या लक्षात येणार?

काल उड्डाणाआधी पट्टीच्या लांबच्या टोकाला तो चाक बघायच्या निमित्ताने उतरला होता. खिशात तार होती. दोन्ही फळ्या त्याने बांधून टाकल्या होत्या.

परत आल्यावर तिथेच सोडल्या. तार गवतात फेकली.

* * *

“कधी सापडली?” त्याने विचारलं.

“काल. तुम्ही विमान तिकडेच सोडून चालत निघून गेलात. मी पंख बघायला आलो, तर पायात आली. फळीच्या कडेवर घासल्याच्या खुणा आहेत. ताज्या.”

“कार्व्हालो साहेबांना…?”

“नाही.”

“का नाही सांगितलंत?”

पंखावर फळकूट करकरलं. म्हातारा बसल्या जागी हलला असावा.

“वाटलं, तुम्ही सांगाल.” मग थोड्या वेळाने, चिडून, “रात्रभर वाट बघितली तुमची. तुम्ही काय झोपलात?”

“नाही.”

“मीही नाही. मला काय ठाऊक झाडं तोडायला लावतील! ठाऊक असतं तर रात्रीच जाऊन साहेबाला उठवलं असतं. तो पोरगा पडला त्यात माझाही हात आहे. तुमच्या अब्रूला जपत बसलो… गाढव आहे मी.”

दौलतने कधी त्या माणसाला एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

“मला वाटलं, ती फळी आली नाही तर पंख खचणार नाही,” दौलत म्हणाला. “थोडा जोरात उतरेन, ब्रेक दाबेन…” त्याने लोंबणाऱ्या तारेकडे पाहिलं. “तो आवाज झाला की मला वाटतं, विमान मोडलं.”

“मोडत नाही. त्याच वेळी धरतं.”

“मला माहीत आहे ते! पुस्तकात वाचलंय. परीक्षेत लिहिलंय!”

“मग?”

“मग काय! वर असताना माहीत असलेलं उपयोगाला येत नाही!”

तो ओरडला होता. शेडभर आवाज घुमला आणि विरून गेला.

तार अजून लोंबत होती. दौलतने ती ओढून घेतली, खोक्यावरून खाली उतरला आणि दाराकडे चालू लागला.

“साहेब,” वरून हाक आली.

“काय?”

“टाका अर्धा राहिलाय.”

दौलतने दात आवळले. परत आला. खोक्यावर चढला. सुई घेतली, दोरा ओढला, गाठ बसेपर्यंत ओढून धरला.

मग गेला.

* * *

कार्व्हालोंनी तार टेबलावर पाहिली आणि सगळं ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर वायरलेसच्या तंबूत स्वतः गेले. झाडं तोडणं थांबवा, पाट पुरेसा आहे, असा निरोप देऊन परत आले.

“तुझा गणवेश उतरवून तुला इथूनच घरी पाठवायला हवं,” ते म्हणाले. “कोर्टासमोर. बेड्या घालून.”

“हो, साहेब.”

“पण माझ्याकडे दुसरा माणूस नाही!” त्यांनी टेबलावर हात आपटला. “बेडेकरला उभं राहता येत नाही. नाहीतर तुला आज विमानाच्या सावलीलाही उभं केलं नसतं. कळतंय?”

“कळतंय.”

“उतरवशील?”

दौलतला ‘हो’ म्हणायचं होतं.

“माहीत नाही, साहेब.”

कार्व्हालोंनी तार उचलून खणात टाकली. “काल हेच म्हणाला असतास तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. “चौकशी होईल ती होईल. आता जा.”

* * *

उरलेले टाके पुरे झाले, बाराला लेप वाळला. तळावर दुसराही एक नियम होता. ज्याने पंख शिवला त्याने पहिल्या फेरीला मागे बसायचं. हसन तांडेलला विमान लागायचं. दरवेळी. तो बिस्किटांचा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसला आणि बोलायची नळी तोंडाशी धरली.

“मला उडवता येत नाही,” नळीतून त्याचा आवाज आला. “मला कापड आणि आवाज एवढंच कळतं. वर चला. उंच. मग हळू करा.”

तळ खाली काडेपेटीएवढा झाला. दौलतने इंजिन कमी केलं, नाक वर धरलं. वेग उतरत गेला. काटा खाली… खाली…

धाड्. डावी. पंख खचला.

हात आपोआप पुढे गेला, इंजिन गरजलं, विमान सुटलं. फळी परत पंखाला चिकटली.

“पुन्हा,” मागून आवाज आला.

पुन्हा तेच झालं.

“पुन्हा.”

तिसऱ्या वेळी मागून डब्यात ओकल्याचा आवाज आला. दौलत वळला.

“परत जाऊ या का?”

“पुढे बघा! पुन्हा.”

चौथ्या वेळीही हात पुढे गेला. दौलतने स्वतःच्या मांडीवर बुक्की मारली. “हा हात माझं ऐकत नाही!”

“मग त्याला बोलू नका. दुसरं काम द्या. दरवाजाची कडी धरा त्या हाताने.”

“आणि इंजिन?”

“आहे तिथे राहू दे. काही करू नका.”

“काही करू नका? तांडेल, पडतो आपण!”

“आपण दोघंही पडतो. मला काय घाई आहे वाटतं?” म्हाताऱ्याचा आवाज कापत होता, आणि तेव्हा दौलतच्या ध्यानात आलं, की मागे बसलेला माणूस आपल्याहून जास्त घाबरलेला आहे. तरी बसलाय.

त्याने कडी धरली.

काटा खाली आला. धाड्. डावा पंख खचला. कडी धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली.

धाड्. उजवी.

पंख आपोआप सरळ झाला.

विमान हवेत बसल्यासारखं झालं. नाक वर, इंजिन मंद, खालची शेतं जवळजवळ थांबलेली. कधी कोसळेल, कधी कोसळेल, म्हणता म्हणता दौलतने दहा श्वास घेतले. रेडा तसाच तरंगत होता.

“काय केलंत?” मागून विचारलं.

“काहीच नाही.”

“हां,” तांडेल म्हणाला, आणि पुन्हा डब्यात ओकला.

आणखी सात वेळा त्यांनी ते केलं. भीती एकदाही कमी झाली नाही. हात मात्र कडीवर राहिला.

खाली उतरल्यावर म्हातारा विमानातून बाहेर आला आणि तिथेच गवतावर आडवा झाला. दौलत त्याच्यापाशी उकिडवा बसला.

“चाचा, पाणी आणू?”

त्याला पहिल्यांदाच चाचा म्हटलं, हे दोघांच्याही लक्षात आलं.

“मला काय बघतोस?” तांडेल डोळे मिटूनच म्हणाला. “तिकडे जा ना!”

* * *

दुपारी दीड वाजता दौलत पाटावर आला. एकटाच.

टेकडीच्या कडेला स्ट्रेचर दिसलं. चार माणसं उभी होती. या वेळी त्यांनी ते उचललं नाही. नुसती बघत राहिली.

त्याने नाक वर धरलं. दरी वर येऊ लागली. कडीवरचा हात घामाने निसटत होता. धाड्… त्याने ओठ चावला… धाड्. टेकडीची कड चाकांखालून इतकी सावकाश गेली, की कडेवरचा गवताचा झुबका वाकलेला त्याला दिसला. चाकं टेकली. विमान धावलं, मंदावलं, थांबलं.

पूर्वेकडे पंधरावीस झाडं नुकतीच तोडून पाडलेली होती. बुंध्यांवर पांढरा चीक ओला होता. विमान त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मधे शंभर पावलं मोकळी होती.

दौलत त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला.

स्ट्रेचर आलं. पुढचा माणूस लान्सनाईक होता. बाबाजी मुळीक म्हणून त्याने नाव सांगितलं. खांद्याला कुऱ्हाड अजून तशीच होती.

“काल आपणच होतात का, साहेब?”

“हो.”

मुळीकने झाडांकडे पाहिलं. मग विमानाकडे.

“म्हणजे पाट लहान नव्हता.”

“नव्हता,” दौलत म्हणाला. “चूक माझी होती. मी घाबरलो आणि खोटं लिहिलं.”

मुळीकच्या जबड्याची शीर हलत होती. दौलतला वाटलं, आता हा मारेल. मारलं असतं तर दौलतने हात वर केला नसता.

“खताळ हवालदार माझ्या गावचे,” मुळीक शेवटी म्हणाला. “हा पांडू गायके. पहाटे झाडं तोडताना लागली याला. दंडात.” स्ट्रेचरवरच्या पोराचे ओठ निळे पडले होते. “जिवंत आहे अजून.”

…

“मग तिकडून धरा की, साहेब,” मुळीक म्हणाला. “बघत काय राहिलात!”

दौलतने स्ट्रेचरचा दांडा धरला.

त्या दिवशी त्याने तीन फेऱ्या केल्या.

* * *

चौकशी झाली. दौलतची बढती थांबली आणि त्याच्या कागदांवर जे लिहिलं गेलं, ते पुसलं जाणार नव्हतं. पांडू गायकेचा हात गेला, जीव वाचला. लढाऊ विमानांच्या तुकडीत परत जायचा दौलतचा अर्ज कार्व्हालोंनी फाडून टाकला. त्यानंतर तो पाटावर जवळजवळ रोज जात राहिला. वेढा उठेपर्यंत त्याने किती माणसं खाली आणली, हे बाकीचे सांगत. तो सांगत नसे. मुळीक नेहमी स्ट्रेचरपाशी असायचा. खताळचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, आणि दौलतशी एकदाही हसला नाही.

बेडेकर बरा होऊन उठला. मोडलेली विमानं एकेक करून उभी राहिली.

जूनच्या अखेरीला एका दुपारी दौलत शेडमध्ये आला. चाचा दुसऱ्याच कोणाच्या विमानाच्या शेपटीला कापड ताणत होता. दौलत जरा वेळ उभा राहिला. मनात बरेच दिवस एक गोष्ट होती, आणि ती सांगायची तर याच माणसाला.

“चाचा, एक सांगू?”

“सांग.”

“आता फळी बाहेर आली ना, मला कळतसुद्धा नाही. आधी काळजात धस्स व्हायचं. कडी धरून बसायचो. आता दुसरा विचार चाललेला असतो, आणि विमान आपलं उतरलेलं असतं.”

चाचाचा हात थांबला.

“धस्स होत नाही?”

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात नाही!” दौलत हसला. “तुम्हीच म्हणाला होतात ना, काही करू नका?”

“किती दिवस झाले?”

“आठवडा… दहा दिवस असतील.”

म्हातारा कमरेवर हात ठेवून उठला. फळीवरच्या डब्यातून कापडावर खुणा करायचा खडू त्याने घेतला आणि शेडबाहेर पडला. दौलत त्याच्या मागोमाग गेला. उन्हात दौलतचं विमान उभं होतं, दुसऱ्या दिवशीच्या फेरीसाठी तेल भरून तयार.

जे विमान उडवायचं नाही त्याच्या दारावर खडूने फुली मारायची, अशी तळावर रीत होती. चाचाने दारावर मोठी फुली मारली. मग दोन पावलं मागे सरून तिच्याकडे पाहिलं आणि ती आणखी ठळक केली.

“अहो, काय करताय!” दौलत वैतागला. “सकाळीच सगळं तपासलंय मी. पंख, चाकं, इंजिन. काय बिघडलंय विमानात?”

“विमानात काही नाही. घाबरायचं विसरलायस तू,” हसन तांडेल म्हणाला. “उद्या तू खाली राहा.”